न पळालेला ससा

रंगरावांनी उपदेश घेऊन महानुभाव पंथ धरला, त्याला त्या मार्गशीर्षात सहा वर्षं झाली होती. पण गावानं त्यांचं जुनं नाव काही सोडलं नव्हतं. तोंडावर 'दंडवत, बुवा', आणि पाठ फिरली की 'ससेमारे रंगराव'. गावाची आठवण अशाच बाबतीत दांडगी असते. कुणी शाळेला खोली बांधून दिली हे चार वर्षांत विसरतील, पण कुणी किती ससे मारले हे नातवंडांना मोजून सांगतील.

आणि मारले होते, हे खरंच होतं. ज्वारीची सोंगणी सुरू झाली की वावरातले ससे उभ्या पिकात आत आत सरकतात. कापणारे चारी बाजूंनी पुढे येतात आणि शेवटी मधोमध एका खोलीएवढा तुकडा उभा राहतो. त्या तुकड्याभोवती सशाचं जाळं लावायला रंगरावांना पार अमडापूरपासून बोलावणं यायचं. मग मुलीचं लग्न झालं, ती मोताळ्याला नांदायला गेली, आणि एके दिवशी भाकरी थापता थापता सत्यभामाबाई म्हणाल्या, "मी उपदेश घेऊन राह्यली. तुमाले यायचं अशीन तर या, नाई तर तुमची चूल निराळी." रंगरावांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जाळं चुलीत घातलं. खोटं कशाला बोला, त्यानंतर माणूस सरळ वागला. अंड्याला शिवला नाही, आणि कुणाच्या घरी बकरं कापलं तर त्या आळीनं गेला नाही.

सत्यभामाबाईंनी मात्र एवढ्यावर भागवलं नाही. घरात शेवंती नावाची पिवळी मांजर होती. मुलीनं लहानाची मोठी केलेली, जाताना आईच्या ओटीत टाकून गेलेली. ती मांजरही मांस खात नाही, असं सत्यभामाबाई छातीठोक सांगत. तिला एक छोटी पितळी ताटली होती, तीत सकाळ-संध्याकाळ दूध-भाकर. उंदीर ती मारायची आणि उंबऱ्यावर आणून ठेवायची, पण तोंड लावायची नाही. बाया हसत. "काऊन वो, उंदीर दिसला की दंडवत घालते का?" असं विचारत. "मारते, पण खात नाई," सत्यभामाबाई म्हणत. त्यांच्या सशाला तीनच पाय. रंगरावांनाही ते खरं वाटत नसे, पण बायकोशी कोण वाद घालणार.

त्या दिवशी अमडापूरचा बाजार होता. सोंगणीच्या बाया दुपारीच हात धुऊन निघून गेल्या आणि वावरात शेवटचा तुकडा घेऊन रंगराव एकटे उरले. विळा चालवता चालवता त्यांच्या पुढ्यात, चार हातांवर, ससा दिसला. बसलेला. त्यांनी टाळी वाजवली. ससा दोन पावलं सरकला आणि पुन्हा बसला. डोळे अर्धे मिटलेले, केस विस्कटलेले.

रंगरावांच्या वडिलांनी त्यांना लहानपणीच सांगितलं होतं, "पळत नाई त्या सशाले हात लावू नोको. त्याच्या अंगात काई तरी हाये." हीच गोष्ट रंगरावांनी पुढे गावातल्या किती पोरांना शिकवली होती. कान धरून शिकवली होती. त्या दिवशी मात्र डोकं बाजूला राहिलं आणि हात पुढे गेला. सहा वर्षं मुठीत धरलेली गोष्ट अशी एका क्षणात सुटते. सुंभ जळतो, पीळ जात नाही म्हणतात ते उगीच नाही.

खोपीत कपाशीच्या सुक्या पऱ्हाट्यांचा जाळ केला. विळ्यानंच ससा सोलला. सोलताना हाडाची कपची अंगठ्यात घुसली, तिकडे लक्ष दिलं नाही. मीठ आणि तिखट फडक्यात बांधलेलं होतंच. पहिला घास तोंडात गेला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, इतका तो ओळखीचा लागला. दुसराही गेला. तिसऱ्याला सत्यभामाबाईंचा चेहरा समोर आला, आणि चौथा घास घशाखाली उतरेना. मग सगळं बांधाला पुरून टाकलं, हात मातीनं घासले, तोंडात कडुनिंबाचा पाला चावला.

पुरलं, पण सगळं नाही. कलेजी त्यांनी पळसाच्या पानात बांधून घेतली. तिच्यावर खसखस सांडावी तसे पांढरे ठिपके होते. ते त्यांनी पाहिले आणि पाहून न पाहिल्यासारखे केले. कलेजी कशाला घेतली, हे त्यांना त्या वेळी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. खरं म्हणजे एकट्यानं पाप करायला माणसाला धीर होत नाही, भागीदार लागतो. गोठ्याच्या मागे त्यांनी शेवंतीला हाक मारली, पान उघडून तिच्यापुढे धरलं.

शेवंतीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

रंगरावांना राग आला. मांजरीचा राग. आपण खाल्लं आणि ही खात नाही म्हणजे काय? "खाय बे," ते म्हणाले. तिला मांडीवर घेतलं, जबडा दाबून उघडला आणि बोटानं तुकडा आत सारला. एकदा नाही, तीनदा. शेवटी ती चाटू लागली. "आता दोघं सारखे," रंगराव म्हणाले आणि त्यांना जरा बरं वाटलं. तेवढाच वेळ बरं वाटलं.

चौथ्या दिवशी शेवंती कणगीमागे जाऊन बसली. दूध प्याली नाही, भाकरीकडे पाहिलं नाही. सत्यभामाबाईंनी तिला ओढून बाहेर काढलं तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं, आणि जबड्याखाली दोन्ही बाजूंना बोराएवढ्या गाठी. तोंड उघडून पाहिलं तर जिभेवर पांढरे फोड.

"मीच शिळं दूध दिलं असंन," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आईतवारी उरलेलं व्हतं. माह्याच हातानं दिलं." आणि त्यांनी त्या दिवसापासून स्वतःचं दूध बंद केलं. रोज तुरटीच्या पाण्यात फडकं बुडवून त्या तिचं तोंड पुसत. एकदा कळ लागली तशी शेवंतीनं त्यांच्या बोटाला दात लावला. रंगराव समोर बसून पाहत होते. त्यांच्या अंगठ्यावर कपची घुसली होती तिथे आता खड्डा पडला होता, कडा उचललेल्या, मधे काळं. त्यावर चिंधी बांधलेली. काखेत सुपारीएवढी गाठ होती, ती कुणाला दिसत नव्हती. खाई त्याला खवखवे, म्हणतात. रंगरावांना रोज थोडा ताप येत होता आणि रोज ते म्हणत, सोंगणीचा शिणवटा.

अमडापूरला जिल्हा परिषदेचा जनावरांचा दवाखाना नुकताच उघडला होता, पाटीचा रंग अजून कोरा होता. तिथे दयाराम वानखडे नावाचे तरुण डॉक्टर होते, नागपूरला शिकून आलेले. बौद्ध घरातले. काही जण अजून त्यांच्या हातचं पाणी टाळत, पण बैल बसला की त्यांच्याच दारात जाऊन उभे राहत. सत्यभामाबाई दुरडीत शेवंतीला घेऊन, रंगराव मागे, असे दोघं दवाखान्यात गेले. तिथे बैल घेऊन आलेला सहदेव कुंभार होता, तो हसला. "बुवा, मांजरीले डाक्टर?"

वानखडे हसले नाहीत. त्यांनी शेवंतीला थर्मामीटर लावलं, जबड्याखालच्या गाठी बोटांनी चाचपल्या, तोंड उघडून बराच वेळ पाहिलं, मग साबणानं हात धुतले.

"काय खाते ही, काकू?"

"दूध-भाकर."

"ते घरचं झालं. बाहेरचं? उंदीर, घूस, पाखरू?"

"मारते, पण खात नाई."

सहदेव पुन्हा खिदळला. डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तो बैलाकडे वळला. "ससा?" त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न रंगरावांकडे बघून विचारला. "सशाचं काही हिच्या तोंडात गेलं का?"

"नाई," रंगराव म्हणाले. "आमच्या घरात तसं काई येत नाई."

वाक्य खरं होतं. कलेजी गोठ्यामागे चारली होती, घरात नाही. अशी वकिली माणसाला नको तेव्हा फार छान सुचते.

"आणि अंगठ्याला काय झालं, काका?"

"विळा लागला."

डॉक्टरांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं, दोन दिवसांनी पुन्हा आणा म्हणाले. दोन दिवसांनी दुसरं दिलं. शेवंतीला काडीचाही फरक नव्हता. उलट तिच्या हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या पडल्या. निघताना डॉक्टर म्हणाले, "काका, घरी जाऊन नीट आठवा. मी विचारलं ते." परतीच्या दोन कोसांत रंगरावांनी किती वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. सत्यभामाबाई दुरडी पोटाशी धरून पुढे चालत होत्या. बांध आला की थांबून म्हणत, "सांभाळून या, तुमाले बरं नाई दिसत." ते सांगणार होते, पण मग त्यांना वाटे, उद्या सांगू. आज ती दमली आहे. उद्या ती अजून दमलेली असे.

आठव्या दिवशी सत्यभामाबाईंना हुडहुडी भरली. बोटावर जिथे शेवंतीचा दात लागला होता तिथे जखम चिघळली होती. काख दुखते म्हणाल्या. रंगरावांनी विचारलं, "गाठ हाये का?" आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"हाव," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तुमाले कसं कळलं?"

त्याच दिवशी गुरांना बुळकांड्याच्या लशी टोचायला वानखडे डॉक्टर सायकलवर गावात आले होते. काम उरकून ते आपणहून रंगरावांच्या दारात आले. शेवंती पोत्यावर पडली होती. त्यांनी तिला पाहिलं, मग खाटेवरच्या सत्यभामाबाईंचं बोट पाहिलं आणि एकदम गंभीर झाले.

"काकू, तुम्हाला चिखलीला न्यावं लागेल. मी जनावरांचा डॉक्टर, माणसाला सुई लावू शकत नाही. पण तिथला डॉक्टरही तुम्हाला हेच विचारणार. ऐका. आमच्या पुस्तकात एक आजार आहे, ट्युलरेमिया. सशापासून येतो, उंदरापासून येतो. आमचे मास्तर म्हणायचे, आपल्या देशात तो कुणी पाहिला नाही, परीक्षेपुरता वाचा. मी परीक्षेपुरताच वाचला. हा तोच, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण लक्षणं एकेक जुळून राहिलीत. तसं असेल तर पेनिसिलीनचा काही उपयोग नाही. टीबीला देतात ते स्ट्रेप्टोमायसीन लागतं. ते माझ्या पिशवीत आहे, मलकापूरहून मागवून ठेवलं. पण कशाचा काही पत्ता नसताना असं औषध टोचलं आणि हा दुसराच आजार निघाला, तर मी या जिवाला आणि तुम्हाला चुकीच्या वाटेला लावल्यासारखं होईल. मला एक गोष्ट कळली पाहिजे. ससा आला होता का? त्याच्या कलेजीवर खसखशीसारखे पांढरे ठिपके होते का?"

सत्यभामाबाई उठून बसल्या. तापानं चेहरा लाल झालेला, पण मान ताठ. "डाक्टर, गावानं तुमाले सांगतलं असंन, की हे पयले ससे मारत. पयले. सहा वर्षं झाली. माह्या घरात ससा नाई आला अन् माह्या शेवंतीनं मांस नाई खाल्लं. यांच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, पाहा." आणि त्यांनी खरंच हात उचलला. रंगराव खाटेशी जमिनीवर बसले होते. तो तापलेला हात त्यांच्या टोपीवर येऊन टेकला.

रंगरावांना तो हात पेलवला नाही.

त्यांनी अंगठ्याची चिंधी सोडली आणि हात डॉक्टरांपुढे धरला. "ठिपके होते," ते म्हणाले. "खसखशीवाणीच. ससा पळाला नाई, डाक्टर. मले माहीत व्हतं पळाला नाई त्याले हात लावू नाई. मी सोलला, मी खाल्ला. कलेजी शेवंतीले देली."

डोक्यावरचा हात निघून गेला. मग सत्यभामाबाई अगदी हळू म्हणाल्या, "म्हंजे शेवंतीनं खाल्लं." जणू बाकीचं काही त्यांना ऐकूच आलं नव्हतं. रंगरावांनी मान खाली घातली. तिनं तोंड फिरवलं होतं, हे सांगायचं होतं, पण ते शब्द बाहेर आले नाहीत. एवढं सांगितलं तेच पुष्कळ झालं, असं त्यांच्या भित्र्या मनानं ठरवून टाकलं.

डॉक्टरांनी एक शब्दही सुनावला नाही. सुनावलं असतं तर रंगरावांना बरं वाटलं असतं. त्यांनी कधी, कुठे, कुणी कुणी हात लावला, उरलेलं कुठे पुरलं, एवढंच विचारलं. कुपीत पाणी घालून हलवलं आणि शेवंतीच्या मांडीत सुई दिली. चिखलीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली आणि दोघांनाही त्याच दिवशी बैलगाडीनं अमडापूरला आणि तिथून मोटारीनं चिखलीला रवाना केलं. "मांजरीचं मी पाहतो," म्हणाले. "रोज येईन. शेजारच्या सिंधूताईंना सांगा, कुणी हात लावू नका. पाणी मी पाजीन."

चिखलीच्या दवाखान्यात दोघांच्या खाटा भिंतीच्या अलीकडे-पलीकडे होत्या. सकाळ-संध्याकाळ सुई. तिसऱ्या दिवशी सत्यभामाबाईंचा ताप उतरला, सहाव्या दिवशी रंगरावांची गाठ बसली. सत्यभामाबाई नर्सशी बोलत, शेजारच्या बाळंतिणीशी बोलत. नवऱ्याला फक्त विचारत, "पाणी पायजे का?" त्या विचारण्यात राग नव्हता, आणि नेमकं तेच रंगरावांना सोसत नव्हतं.

ते परत आले तेव्हा कणगीमागचं पोतं दिसलं नाही. वानखडे डॉक्टर दुपारी आले. गाठी मऊ पडत होत्या, म्हणाले, चौथ्या दिवशी दोन चमचे पाणीही प्याली होती, पण अंगात त्राण उरलं नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी गेली. गोठ्यापलीकडे खोल खड्डा करून, चुना टाकून पुरली. रंगराव त्यांना सायकलपर्यंत पोचवायला गेले.

"डाक्टर, मी पयल्याच दिवशी सांगतलं असतं तर?"

वानखड्यांनी सायकलचं पेडल पायानं फिरवलं. खोटं बोलणं त्यांना सोपं होतं. "वाचली असती," ते म्हणाले. "बहुतेक."

चार दिवसांनी रंगराव पुन्हा वावरात जाऊ लागले. त्या संध्याकाळी सत्यभामाबाईंनी ताट वाढलं, समोर बसल्या आणि विचारलं, "आज वावरात काय खाल्लं?"

रंगरावांना वाटलं, टोमणा आहे. त्यांनी वर पाहिलं. टोमणा नव्हता. डॉक्टरांनी विचारावं तसं त्या विचारत होत्या, उत्तरावर काही तरी अवलंबून असल्यासारखं. "भाकर," ते म्हणाले. "ठेचा. कांदा."

"अजून?"

"अजून काई नाई."

दुसऱ्या दिवशीही विचारलं. तिसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं. रंगराव वावरात असताना तोंडात काही टाकलं की लक्षात ठेवू लागले. हरभऱ्याचे चार घाटे, एक बोर, शेजारच्या वावरातल्या भगवानरावांनी दिलेला गुळाचा खडा. सगळं सांगत. गावात कुणाला कळलं असतं तर पोट धरून हसले असते, की एवढा मोठा माणूस बायकोपुढे बोरांचा हिशेब देतो. रंगरावांना हसू येत नसे. सांगून झालं की एक क्षण थांबायचं, सत्यभामाबाई "अजून?" म्हणायच्या, आणि ते "अजून काई नाई" म्हणायचे. आणि दर वेळी ते खोटं असायचं. वावरातलं नव्हे, गोठ्यामागचं एक उरलेलं होतं. शेवंतीची पितळी ताटली फळीवर पालथी घातलेली होती, तिच्याकडे ते बघत नसत. सत्यभामाबाई आता बायांत बसत तेव्हा कुणी मांजरीचा विषय काढला तर मान खाली घालत. सहा वर्षं ज्या गोष्टीवर त्या गावाशी भांडल्या, ती गोष्ट खोटी ठरली होती.

होळी झाली, गहू घरात आला. चैत्रातल्या एका संध्याकाळी सत्यभामाबाईंनी ताट वाढलं आणि काही न विचारता स्वतःचं ताट वाढून घेऊ लागल्या. रंगराव वाट पाहत बसले. दोन घास झाले, तरी प्रश्न आला नाही. त्यांना कळलं, की तिनं माफ केलंय. किंवा विचारायचा कंटाळा आला असेल. काही असो, आता कुणी विचारणार नव्हतं. आता नाही सांगितलं तर ते त्यांच्याबरोबरच जाईल.

त्यांनी घास ताटात ठेवला.

"आज तुम्ही इचारलं नाई," ते म्हणाले. "तरी सांगतो. शेवंतीनं हुंगलं अन् तोंड फिरवलं व्हतं. मी मांडीवर घेऊन, जबडा उघडून, बोटानं चारलं."

सत्यभामाबाईंचा हात तिथेच थांबला. मग उठल्या, फळीवरची ताटली काढली, पदरानं पुसली आणि चुलीजवळ, तिच्या जुन्या जागी, उलथी नाही, सुलटी ठेवली.

"म्हंजे माह्या शेवंतीनं नाई खाल्लं," त्या म्हणाल्या. "तुम्ही चारलं."

"हाव."

आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा सत्यभामाबाई शेवंतीसाठी रडल्या. रंगराव ताटावर तसेच बसून राहिले. उठून जायची त्यांची हिंमत नव्हती, आणि घास उचलायचीही.